शुक्रवारच्या सहा बाटल्या

“वहिनी, वाटीभर विरजण आहे का हो? आमचं संपलं!”

पस्तीस वर्षांपूर्वीची ही हाक. मिरजेच्या बैठ्या चाळीत, कमरेएवढ्या भिंतीपलीकडून नीलिमाकाकू ती द्यायच्या आणि ज्ञानेशची आई भाकरीच्या पिठाचे हात तसेच वर धरून आतूनच म्हणायची, “आहे की! ज्ञानू, दे रे काकूंना.” विरजण मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही आणि मागायला येणाऱ्याने रिकामी वाटी आणायची नाही, असे त्या भिंतीचे दोन कायदे होते. काकूंच्या वाटीत कधी दोन हिरव्या मिरच्या असत, कधी कढीलिंबाची काडी. वाटी भरता भरता आई आपल्याशीच गुणगुणायची,

विरजण माझ्या घरचं, गेलं शेजारणीच्या दारी
सरलं माझं जरी बाई, जितं राहील तिच्या घरी

ज्ञानेश आता चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. आयर्लंडात येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. रोज सकाळी तो नावनहून लिक्सलिपच्या चिप कारखान्यात जाई आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवून अशा खोलीत काम करी, जिथे धुळीचा एक कण सापडला तरी चोर सापडल्यासारखी धावपळ होते. संध्याकाळी घरी आला की तो आधी फ्रिज उघडायचा आणि खालच्या कप्प्यातली काचेची बरणी बघायचा. बरणीत पिवळट, दाटसर, लापशीसारखं काहीतरी असे. ते यीस्ट होतं. बिअरचं विरजण.

तीन वर्षांपूर्वी त्याचा कारखान्यातला मित्र मुकुल कॅनडाला गेला, तेव्हा जाताना एक पिंप, नळ्या, रिकाम्या बाटल्या आणि ही बरणी ज्ञानेशच्या हवाली करून गेला. “बाकीचं हवं तर टाकून दे,” मुकुल म्हणाला होता, “पण हे जिवंत आहे रे. दर तीन आठवड्यांनी याला काम दे, नाहीतर मरेल बिचारं.”

मिरजेच्या त्या चाळीत वाढलेल्या माणसाला असलं काही सांगू नये. त्या दिवसापासून दर तीन आठवड्यांनी ज्ञानेशच्या घरी माल्टचा काढा उकळू लागला. काढा निवला की त्यात बरणीतलं विरजण जाई, पिंप हॉटप्रेसमध्ये जाई, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं ते उबदार कपाट, ज्यात तिकडची माणसं टॉवेल ठेवतात. दहा दिवस पिंप आत बसून बुडबुड करी, जणू पलीकडच्या खोलीत कुणी म्हातारं माणूस जप करतंय. मग काळसर बिअरच्या वीस बाटल्या भरून दोन आठवडे मुरत ठेवल्या जात, तळाचा साका परत बरणीत जाई आणि बरणी फ्रिजमध्ये.

यात अडचण एकच होती. ज्ञानेशला बिअर आवडत नसे. पहिल्या घोटालाच त्याचं तोंड बिनमिठाचं कारलं खाल्ल्यासारखं होई. त्याची बायको सुमेधा नावनच्या इस्पितळातून दमून आली की कधीमधी अर्धा पेला घ्यायची. विसांतल्या दोन बाटल्या अशा खपत. राहिलेल्या अठरांचं काय, हा प्रश्न डेसींनी सोडवला.

डेसी म्हणजे शेजारचे गृहस्थ. सत्तरी ओलांडलेले, बसचालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांची बायको नोरीन गेली त्याच हिवाळ्यात ज्ञानेशच्या पहिल्या बाटल्या तयार झाल्या. काय बोलावं ते न सुचून त्याने सहा बाटल्या मधल्या भिंतीवर ठेवल्या. “अरे, फार चांगला आहेस तू,” डेसी म्हणाले आणि उरलेलं सगळं पावसाबद्दल बोलले. पुढच्या शुक्रवारी पाच वाजता भिंतीवर सहा रिकाम्या, लख्ख धुतलेल्या बाटल्या उभ्या होत्या, आणि शेजारी डेसी.

तिथून शुक्रवार सुरू झाले. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. डेसी बसच्या गोष्टी सांगत, ज्ञानेश मिरजेच्या. अकरा वर्षांत कारखान्यात, दुकानात, शाळेच्या फाटकाशी शेकडो माणसं त्याला “हाऊ आर या” म्हणून पुढे गेली होती. उत्तरासाठी थांबणारा माणूस हा एकच. डेसींनी त्याला घरात मात्र कधी बोलावलं नव्हतं. ज्ञानेश मनाशी म्हणे, असू दे, भिंत तर भिंत. पण एक भीती त्याला होती. बाटल्या थांबल्या तर भिंतीशी उभं राहायचं कोणत्या निमित्ताने?

म्हणून त्याने तीन वर्षांत एकही शुक्रवार चुकू दिला नव्हता. यंदा मे महिन्यात सगळे भारतात जाऊन आले, सुमेधाच्या वडिलांना सोबत घेऊन आले, तेव्हाही जाण्याआधी त्याने मधल्या शुक्रवारांच्या बाटल्या डेसींच्या हवाली केल्या होत्या आणि परतीनंतरच्या तीन शुक्रवारांचीही तजवीज करून ठेवली होती. आल्या आल्या नवा काढा उकळायचा, असं ठरलेलं. पण कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या आणि आज उद्या करता करता राहूनच गेलं. या शुक्रवारी शेवटच्या सहा बाटल्या भिंतीवर गेल्या. पुढचे तीन शुक्रवार कोरडे जाणार हे नक्की होतं. चौथा तरी वाचावा म्हणून तो धावत घरात आला, दुपारपासून निवत ठेवलेल्या काढ्यात बोट बुडवून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि फ्रिज उघडला.

खालच्या कप्प्यात बरणी होती. रिकामी. धुऊन, पुसून, उलटी घालून ठेवलेली. वर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : ‘बरणी, काच, एक नग. रिकामी.’

“अण्णा!”

सासरे पुरुषोत्तमराव सोफ्यावरून सावकाश उठून आले. आजऱ्याच्या एसटी डेपोत त्यांनी तीस वर्षं भांडार सांभाळलं होतं. पंधरा दिवसांत त्यांनी लेकीच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवली होती. साखरेच्या डब्यावर तर ‘साखर (बारीक)’ असं.

“काय झालं, जावईबापू?”

“यातलं कुठे गेलं?”

“त्ये व्हय? वापरलं की.” अण्णा सहज म्हणाले. “बरणीवर लेबल न्हाई, तारीख न्हाई. आमच्या डेपोत असला माल म्हंजे बेवारस. पर टाकून द्याय जीव हुईना. वास घेतला. आंबूस, जित्ता वास. म्हटलं पोरीनं आंबवण करून ठिवलंय.”

“वापरलं कशात?”

अण्णांनी जावयाकडे जरा नवलाने पाहिलं. “सकाळी पाच खाल्ल्यासा की तुमी.”

सकाळच्या आंबोळ्या! अण्णांनी घनसाळ तांदूळ आजऱ्याहून आणला होता, पीठ वाटलं होतं. पण इथल्या गारव्यात दोन दिवस ते ढिम्म हललं नव्हतं. काल रात्री त्यात ते ‘आंबवण’ पडलं आणि पातेलं हॉटप्रेसमध्ये गेलं. पहाटे पीठ पातेल्याबाहेर पडून टॉवेलांच्या घड्यांत शिरलं होतं. सुमेधाने चार टॉवेल कुरकुरत धुतले. पण आंबोळ्या अशा उतरल्या होत्या, कापसासारख्या, जाळीदार, की ज्ञानेशने पाचवी मागून घेतली होती. लेक रेवा तर शाळेच्या डब्यात तीन घेऊन गेली होती.

“आजोबा, दे वेअर क्लास! सो गुड!” जिन्यावरून रेवाचा आवाज आला. “कॅन आय हॅव देम मंडे अॅज वेल?”

“मंडेला काही नाही,” ज्ञानेश म्हणाला. “संपलं सगळं. तीन वर्षांचं विरजण आपण खाऊन बसलो.”

सुमेधा घड्या घालत होती, ती म्हणाली, “अरे, सुपरमार्केटमध्ये यीस्टची पाकिटं मिळतात.”

“ती पावाची असतात गं.”

“मग मागव ऑनलाइन.”

“चार दिवस लागतील. काढा उद्यापर्यंत नासेल. आणि दुसरं आणलं तरी ते हे नव्हे.”

“तुमच्या त्या बिअरात पीठ घाला की,” अण्णांनी तोडगा काढला. “वाटीभर उरलंय खाली. हाय तेच हाय त्यात.”

ज्ञानेशने पिठाच्या पातेल्यात डोकावून पाहिलं. क्षणभर त्याला मोहही झाला, हे सांगायला हवं. “अण्णा, त्यात उडीद आहे, मेथी आहे, मीठ आहे.”

“चव येती,” अण्णा म्हणाले.

ज्ञानेश खुर्चीत बसला, आणि मग त्याला ती वाट सुचली. खरं म्हणजे ती त्याला लहानपणापासून पाठ होती. आपलं संपलं तर ज्याला दिलं त्याच्याकडे मागायचं. बाटलीबंद बिअरच्याही तळाशी तेच विरजण बोटभर बसलेलं असतं. सहा बाटल्यांचा गाळ एकत्र केला की दहा लिटरच्या काढ्याला पुरेसा. आणि त्या सहा बाटल्या अर्ध्या तासापूर्वीच भिंतीपलीकडे गेल्या होत्या.

“डेसी बाटली रिकामी झाली की लगेच धुतात!” तो ताडकन उठला.

“थांबा, थांबा,” अण्णा म्हणाले. “विरजण मागाय निघालासा आणि रिकाम्या हातानं?” त्यांनी उरलेल्या पिठाच्या दोन आंबोळ्या तव्यावर घातल्या. दुसरी उलटेपर्यंत ज्ञानेश दारात एका पायावर उभा होता. अण्णांनी आंबोळ्या स्टीलच्या डब्यात भरल्या, डब्यावर चिठ्ठी लावायला पेन उघडलं, जावयाचा चेहरा पाहिला आणि पेन बंद केलं.

दोघे बाहेर पडले तेव्हा डेसींची जुनी निळी गाडी वळणावरून निघत होती. मागच्या काचेतून बाटल्यांचा खोका स्पष्ट दिसला.

“कुठं चाललाय त्यो?”

“बसा गाडीत!”

पाठलाग म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. डेसींनी आयुष्यभर बस जशी चालवली तशीच ते गाडीही चालवत : प्रत्येक थांब्यापाशी, कुणी उभं नसलं तरी, हळू करून. ज्ञानेश मागोमाग. मध्ये एक ट्रॅक्टर शिरला. तारा नावाच्या टेकडीकडे जाणाऱ्या त्या अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कुंपणं पांढऱ्या फुलांनी ओथंबली होती, सहा वाजून गेले तरी ऊन दुपारसारखं लख्ख पसरलेलं, आणि ट्रॅक्टरवाला प्रत्येक समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करत होता.

“हॉर्न वाजवा की,” अण्णा म्हणाले.

“इथे वाजवत नाहीत.”

“मग लावलाय कशाला?”

डेसी एका फाटकाशी थांबले. पलीकडे हिरवं शेत, कोपऱ्यात पत्र्याची शेड, आणि शेडपुढे एक म्हातारी तपकिरी घोडी, कान टवकारून उभी. ज्ञानेश गाडीतून उतरून फाटकाशी पोचला तेव्हा डेसींनी पहिली बाटली उघडली होती. त्यांनी बादलीतल्या भुशावर ती नीट, गोल गोल फिरवत ओतायला सुरुवात केली.

“डेसी! थांबा!”

डेसी दचकले. बाटली हातात तशीच तिरकी राहिली. घोडीने मध्ये तोंड घालून कामाला सुरुवात केली.

डेसींचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला.

“हिचं नाव क्वीनी,” अखेर ते म्हणाले. “नोरीनची घोडी.”

“सगळ्या बाटल्या... हिला?”

“रोज एक. रविवारी उपास.” डेसींनी टोपी काढली, परत घातली. “नोरीन गेली आणि हिने चारा सोडला. डॉक्टर झाले, औषधं झाली. इकडे जुनी पद्धत आहे, घोड्याच्या भुशात काळी बिअर घालायची. दुकानातली घालून बघितली. हिने तोंड फिरवलं. तुझी घातली, आणि बादली चाटून पुसून ठेवली बाईने.”

तीन वर्षं. नऊशे बाटल्यांहून जास्त. ज्ञानेशने मनात हिशेब केला आणि क्वीनीकडे पाहिलं. तिच्या पाठीवर ऊन चकाकत होतं. एवढं मनापासून त्याची बिअर पिणारं कुणी त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

मग त्याने आपलं गाऱ्हाणं सांगितलं : बरणी, चिठ्ठी, आंबोळ्या, काढा. डेसी हसू दाबत ऐकत होते. ‘टॉवेल’ या शब्दाशी त्यांना ते आवरलं नाही. पण पुढे पेच उभा राहिला. गाळ हवा तर बाटल्या न्यायला हव्यात, आणि बाटल्या नेल्या तर घोडी आठवडाभर उपाशी. दोघेही सभ्य माणसं. “तू घेऊन जा.” “नाही नाही, तिला राहू द्या.” “अरे, ग्रँड आहे, ने.” “कसं नेऊ?” असं बराच वेळ चाललं.

अण्णांना इंग्रजी फारसं कळत नव्हतं. पण दोन गिऱ्हाइकं आणि एकच माल हे प्रकरण त्यांनी तीस वर्षं हाताळलं होतं. त्यांनी शेडमधली एक स्वच्छ दुधाची कॅन उचलली, खोक्यातली बाटली घेतली, खुणेने उघडून मागितली आणि हात जराही न हलवता वरची निवळ बिअर कॅनमध्ये ओतली. तळाचा गढूळ बोटभर भाग बाटलीत राहिला.

“वरचं घोडीला,” अण्णा म्हणाले, “खालचं जावयाला. फुडचा नग द्या.”

गाळासाठी भांडं हवं होतं. अण्णांनी डबा उघडला. आंबोळ्यांच्या वासासरशी क्वीनीने बादलीतून मान वर काढली, दोन पावलं पुढे आली आणि अण्णांच्या हातातली एक आंबोळी अलगद ओठांनी उचलून खाऊन टाकली. मग दुसरीवर डोळा ठेवून उभी राहिली.

“वळखली बघा चव!” अण्णा खूश झाले. “घे बाई, घे. तुझंच हाय.”

नळावर धुतलेल्या डब्यात सहा बाटल्यांचा गाळ जमला. ज्ञानेशने झाकण घट्ट लावलं आणि डबा दोन्ही हातांत धरला. आता निघायला हरकत नव्हती. पण डेसी फाटकाला टेकून उभे होते, आणि त्यांना अजून काहीतरी बोलायचं होतं हे दिसत होतं.

“गेली एकतीस वर्षं मी थेंबाला शिवलो नाही, ग्यान,” ते घोडीकडे बघत म्हणाले. “त्याआधी इतकी घेतली की पुरे. नोरीनला शब्द दिला होता, दारू उंबरठ्याच्या आत येणार नाही. ती गेली तरी शब्द आहेच ना.”

“मग मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं!”

“कसं सांगू? तू सहा बाटल्या घेऊन उभा होतास, शाळेत पहिलं बक्षीस मिळालेल्या पोरासारखा. म्हटलं, पुढच्या शुक्रवारी सांगू. पुढच्या शुक्रवारी तू तुझ्या आईची गोष्ट काढलीस. त्यापुढे तर सांगायची हिंमतच होईना. बाटल्या बंद झाल्या की तूही यायचा बंद होशील, असं वाटायचं.” डेसींनी घसा साफ केला. “कितीदा मनात आलं, याला आत बोलवावं, चहा करावा. पण तू नेहमी हातात बाटल्या घेऊन. तुला आत घ्यायचं तर त्यांना बाहेर ठेव म्हणणं आलं, आणि मग सगळंच सांगणं आलं.”

ज्या बाटल्यांच्या जिवावर आपण त्या भिंतीशी उभे होतो, त्यांनीच आपल्याला भिंतीबाहेर ठेवलं, हे ज्ञानेशच्या हळूहळू ध्यानात येत होतं. त्याला हसावं की काय करावं ते कळेना.

“काय म्हणतोय त्यो?” अण्णांनी विचारलं.

“म्हणतायत, ते बिअर पीतच नाहीत.”

“मग तुमच्यावाणीच की!” अण्णा म्हणाले. “तुमी तरी कुठं पिताय? बुधवारी लेकीनं आग्रह केला तवा पेला गुलाबाच्या कुंडीत वतताना बघितलं मी. बोललो न्हाई, म्हटलं जावयाचा मामला.” आणि मग कोपराने ढोसून, “सांगा की त्याला!”

डेसींनी दोघांकडे पाहिलं. “काय म्हणतायत ते?”

क्वीनी भुसा चावत होती. ज्ञानेशने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्या हातात घेतला.

“ते म्हणतायत,” तो म्हणाला, “की मलाही बिअर आवडत नाही. पहिल्यापासूनच. एक पेलासुद्धा कधी संपवलेला नाही. डेसी, मला फक्त शुक्रवारी तुमच्याशी बोलायचं असायचं.”